तबकडीवरची नदी

फार जुन्या काळी एका नदीकाठच्या गावात, चौकातल्या मनोऱ्यावर एक मोठं घड्याळ होतं. त्याच्या तांब्याच्या तबकडीवर, आकड्यांच्या आतल्या गोलात, गावाचंच चित्र रंगवलेलं होतं: घाट, मारुतीचं देऊळ, कौलारू घरं आणि निळी नदी. गावानं एकदा महापूर सोसला होता. त्या पुराचं पाणी जिथवर चढलं, तिथवर चित्रातली नदी होती. निळा रंग थेट देवळाच्या उंबऱ्याला टेकलेला.

म्हणून गावाची एक रीत होती. घर बांधायचं ठरलं की माणूस आधी घड्याळाखाली उभा राहायचा, मान वर करायचा आणि नदी कुठवर आहे ते बघायचा. निळ्या रंगाखाली पाया खणायचा नाही.

पुढे मशालींच्या काजळीनं तबकडी काळवंडली, रंगाचे पोपडे सुटले. काय रंगवलंय ते कुणालाच धड दिसेना. पूर पाहिलेली माणसंही केव्हाच गेली होती. तेव्हा नगरशेठनं परगावचा एक नावाजलेला चितारी बोलावला. तबकडी उतरवून देवळाच्या ओवरीत ठेवली गेली.

चितारी कामाला पक्का. तेलात भिजवलेल्या कापसानं त्यानं हलक्या हातानं काजळी काढली. रंग उडालाय तिथंच भरायचा, शाबूत रंगाला हात लावायचा नाही, हा त्याचा नियम. हळूहळू घाट उजळला, देऊळ उजळलं आणि उंबऱ्यापर्यंतची नदीही.

नगरशेठ बघायला आला.

"वा! फक्त एक करा. नदी जरा खाली घ्या."

"खाली म्हणजे कुठं?"

"घाटाच्या पहिल्या पायरीशी. वर एवढं पाणी बरं दिसत नाही."

"शेठजी, इथला रंग शाबूत आहे. तो मी खरवडत नाही. आणि घाटावरची पडीक जमीन तुमचीच ना?"

शेठ हसला. "चितारी, तुम्ही चित्राचं बघा, जमिनीचं आम्ही बघतो. जमत नसेल तर तसं सांगा. तुमच्यासारखे दोघं बाहेर ताटकळत बसलेत. त्यांना इतके प्रश्न पडत नाहीत."

मी नाही केलं तर दुसरा करेलच, असं चिताऱ्यानं स्वतःला समजावलं. ही सबब त्याला लगेच पटली, कारण ती पटवून घ्यायचीच होती. त्यानं सुरी उचलली. घाटावरचं निळं पाणी पत्र्यापर्यंत खरवडलं आणि तिथं हिरवीगार आमराई रंगवली.

तबकडी पुन्हा मनोऱ्यावर चढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गर्दीतून एक कुंभारीण पुढे आली. तिची दोन लेकरं पदर धरून होती.

"दादा, आम्ही टेकाडावर राहतो. नदीची माती वर वाहून कंबर मोडली. घाटाशेजारी जागा मिळतेय. तुम्ही चित्र जवळनं बघितलंय. पाणी तिथवर येत नाही ना?"

शेठ बाजूलाच उभा होता. चितारी तिच्याकडे न बघता म्हणाला, "चित्रात आहे तेवढंच, ताई."

"मग झालं! घड्याळ कशाला खोटं बोलेल?" ती हसली आणि लेकरांना घेऊन गेली.

घाटावर घरं उभी राहिली. काही वर्षांनी एका पावसाळ्यात नदी फुगली. कुंभारीण मडकी विकायला बाजारात गेली होती. परत आली तेव्हा घर नव्हतं, भट्टी नव्हती, लेकरं नव्हती.

बातमी ऐकून चितारी धावत आला. भर चौकात त्यानं सगळं कबूल केलं. "खरी नदी देवळाच्या उंबऱ्यापर्यंत होती. हा पूर काहीच नाही, पाणी याहून वर येतं. घाटावर पुन्हा राहू नका!"

"तेव्हा खोटं बोललात, मग आता खरं कशावरून?" कुणीतरी ओरडलं. "दाखवा!"

चितारी मनोऱ्यावर चढला. नखांनी आमराई खरवडू लागला. खाली नुसता तांब्याचा पत्रा निघाला. निळ्याचा एक ठिपकासुद्धा नाही. खरवडताना त्यानं काम चोख केलं होतं.

"बघितलंत?" शेठ म्हणाला. "बिचाऱ्याला पश्चात्तापानं भ्रम झालाय. चला, घरी जा."

लोक घरी गेले. कुंभारीण तेवढी थांबली.

"मी तुम्हाला विचारलं होतं, दादा," ती म्हणाली.



उन्हाळा आला तसे घाटावर नवे पाये खणले जाऊ लागले. कुंभारीण एकेकाला सांगत फिरली, "नका रे बाबांनो, इथं नका." लोक म्हणाले, "लेकरं गेली, डोकं फिरलंय बिचारीचं," आणि विटा रचत राहिले.

तात्पर्य एवढंच: 'मी नाही तर दुसरा करेल' म्हणून जो हातातलं खरं पुसतो, त्याच्याकडे पुढे खरं सांगायची वेळ आली तर दाखवायला काही उरत नाही, आणि त्याची किंमत मोजतात ते, ज्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला.