समुद्राचा पैसा

घाटमाथ्यावरच्या एका गावात एक कुंभार आणि एक कुंभारीण राहत होती. त्यांचं सगळं आयुष्य चाकाजवळ आणि भट्टीजवळ गेलं. मडकी घडवायची, भाजायची, बाजारात न्यायची. गावाबाहेरचं जग त्यांनी आठवडी बाजारापर्यंतच पाहिलं होतं.

कुंभारणीची नजर अलीकडे मंद होत चालली होती. आधी सुईत दोरा जाईना, मग तांदळातले खडे दिसेनात. वैद्यानं तिचे डोळे उजेडात नीट पाहिले. तो म्हणाला, "बाई, पुढच्या पावसाळ्यानंतर उजेड आणि अंधार तेवढा कळेल. काही पाहायचं राहिलं असेल तर आताच पाहून घ्या."

घरी आल्यावर कुंभारणीनं रोजच्यासारखी चूल पेटवली, भाकऱ्या थापल्या. जेवताना सहज बोलावं तशी म्हणाली, "अहो, मला एकदा समुद्र पाहायचा आहे."

कुंभाराच्या हातातला घास हातातच राहिला. या बाईनं जन्मात काही मागितलं नव्हतं. तो म्हणाला, "पाहू या की. त्यात काय?"

त्यानं घरातले होते नव्हते ते पैसे गोळा केले. सुगीत विकलेल्या रांजणांचे काढले, दोन शेळ्या विकल्या. खाडी होडीनं ओलांडायची होती. तिथून पुढे समुद्रापर्यंत खडकाळ वाट होती, आणि कुंभारणीला आता ठेचा लागत, म्हणून बैलगाडी करायची होती. मग धर्मशाळेत चार दिवस राहायचं, जेवायचं, परत यायचं. हा पैसा वाटेत गेला तर पुन्हा जमवेपर्यंत तिची नजर थांबणार नव्हती.

आता हा पैसा न्यायचा कसा?

शेजारचा शिंपी म्हणाला, "कमरेला कापडाचा कसा बांध." सोनार म्हणाला, "अंगरख्याला आतून खिसा शिवून घे." पण कुंभाराचा कापडावर विश्वास नव्हता. कापड फाटतं, कापलं जातं. त्याचा विश्वास मातीवर. त्यानं चाक फिरवलं आणि एक गोल, जाड बुडाचा गल्ला घडवला. वर नाणं जेमतेम जाईल एवढीच फट ठेवली. फटीचा काठ आत वळवला, म्हणजे आत गेलेलं नाणं पालथं केलं तरी बाहेर येऊ नये. गल्ला भाजून निघाला तेव्हा त्यानं त्याला टिचकी मारली. खणखणीत आवाज आला. मग सगळेच्या सगळे पैसे त्यानं त्या फटीतून आत सोडले.

कुंभारणीनं विचारलं, "अहो, वाटेत चार पैसे लागले तर?"

"वाटेत कशाला लागतील? भाकऱ्या बरोबर आहेत. पैसे लागायचे ते समुद्रावर."

"समुद्र काय पैसे मागणार आहे?" ती हसून म्हणाली आणि पाटीत भाकऱ्या रचू लागली. नवऱ्यानं मातीचं काही केलं की त्याच्याशी वाद घालायचा नाही, हे तिला ठाऊक होतं.

तिनं डोक्यावर कापड पिळून वळलेली चुंबळ ठेवली, चुंबळीवर भाकऱ्यांची पाटी घेतली आणि दोघं निघाली. कुंभारानं गल्ला फडक्यात बांधून खांद्याला अडकवला होता. पाऊल पडलं की आत नाणी वाजत. खुळ्ळ, खुळ्ळ. वाटेनं जाणारे येणारे वळून पाहत.

कुंभारीण म्हणाली, "आपण चाललोय की नंदीबैल चाललाय? वाजवून सांगताय सगळ्यांना."

"वाजू दे. हात तर कुणाचा आत जाणार नाही ना?"

घाट उतरून ती खाडीच्या धक्क्यावर आली. होडी भरत आली होती. होडीवाल्यानं हात पुढे केला. "माणशी दोन पैसे."

कुंभारानं गल्ला खांद्यावरून उतरवला, पालथा केला, हलवला. एकही नाणं बाहेर आलं नाही. त्यानं गवताची काडी घालून पाहिली. कुंभारणीनं केसातला आकडा दिला, तो घालून पाहिला. लोक गोळा झाले.

"काय हो पाव्हणं, पैशाला आत झोप लागली का?" एकानं विचारलं आणि सगळे हसले.

कुंभार घामाघूम झाला. होडीवाल्याला म्हणाला, "दादा, परत येताना देतो."

"येताना सगळेच देतात," होडीवाला म्हणाला. "पाणी उतरायला लागलंय. एकदा चिखल उघडा पडला की आज होडी नाही."

कुंभारानं कुंभारणीकडे पाहिलं. ती पाण्याच्या दिशेनं तोंड करून उभी होती, डोळे बारीक करून पलीकडचा काठ शोधत. त्यानं एक दगड उचलला. धडधाकट भांडं स्वतःच्या हातानं त्यानं कधी फोडलं नव्हतं. डोळे मिटून त्यानं दगड घातला.

गल्ला फुटला आणि धक्काभर नाणी उधळली. काही गडगडत पार पाण्याच्या काठाशी गेली. आणि मघाशी हसणारी तीच माणसं खाली वाकली. कुणी दोन नाणी आणून दिली, कुणी मूठभर. होडीवाल्यानं एक गडगडतं नाणं पायाखाली धरून ठेवलं आणि कुंभारानं पसरलेल्या पंच्यात टाकलं. कुंभार प्रत्येकाला हात जोडत होता.

पण आता त्याच्याजवळ काय आहे ते सगळ्या धक्क्यानं पाहिलं होतं.

तलम उपरणं घेतलेला एक वाटसरू जवळ आला. आवाज अगदी मऊ. "काका, एवढा पैसा असा पंच्यात बांधून नेणार? होडीत गर्दी आहे. माझी चामड्याची पिशवी पाहा, कुलूप आहे हिला. पलीकडे उतरलो की मोजून देतो तुमच्या हातात."

कुंभार आधीच ओशाळलेला. गल्ल्यावरचा विश्वास गेलेला, आणि समोर कुलूप. त्यानं पंच्याची गाठ त्याच्यापुढे केली.

"ओ दादा, थांबा!"

मासळीची पाटी शेजारी ठेवून बसलेली एक कोळीण बोलली. "हा माणूस तुमच्या ओळखीचा?"

"नाही."

"मग त्याला कशाला देता?"

"मग... बाई, तुम्ही ठेवता?"

कोळीण खळखळून हसली. "अहो, मीपण कुठं तुमच्या ओळखीची! मलाही देऊ नका. चांगल्या माणसाला कशाला मोहात पाडायचं?"

वाटसरू उपरणं झटकत होडीत जाऊन बसला. कोळणीनं दोघांना वाळत टाकलेल्या जाळ्याच्या आडोशाला नेलं. म्हणाली, "मी रोज बंदरावरून पैसे घेऊन येते. एका जागी कधी ठेवत नाही. होडीचे, चहा-पाण्याचे ते कनवटीला, म्हणजे चारचौघांत मोठी गाठ सोडावी लागत नाही. मोठा पैसा लुगड्याच्या आत कमरेला. आणि थोडा मासळीच्या तळाशी. तिथं हात घालायची कुणाची छाती आहे?"

कुंभारीण म्हणाली, "आमच्याकडे मासळी कुठली हो बाई?" मग तिनं डोक्यावरची चुंबळ काढली, तिचा पीळ सैल केला, आत काही नाणी ओळीनं ठेवली आणि पुन्हा घट्ट वळली. डोक्यावर ठेवून वर पाटी घेतली. "हा परतीचा पैसा," ती म्हणाली.

कोळीण बघतच राहिली. "वैनी, हे तर माझ्या मासळीपेक्षा भारी!"

समुद्रावरच्या खर्चाचा पैसा कुंभारानं पंच्याची पट्टी फाडून अंगरख्याच्या आत कमरेला बांधला. होडीचे आणि वाटेतल्या चणे-फुटाण्यांचे तेवढे कमरेला दोरीनं लटकवलेल्या बटव्यात ठेवले. कोळणीला द्यायला त्यानं एक नाणं काढलं तर तिनं त्याची मूठ मिटवली. "ठेवा दादा. वैनीला समुद्र दाखवा."

होडीवाला ओरडत होता, चिडत होता, पण दोर त्यानं अजून सोडला नव्हता. दोघं पैसे देऊन चढली तेव्हाच त्यानं होडी लोटली.

पलीकडे उतरताना एकच झुंबड उडाली. कुणाचा धक्का कुणाला लागला, कळलं नाही. काठावर आल्यावर कुंभार फुटाणे घ्यायला थांबला आणि त्याचा हात कमरेशी गेला. बटवा नव्हता. दोरी स्वच्छ कापलेली होती. तलम उपरणंही कुठं दिसत नव्हतं.

कुंभार तिथंच वाळूत बसला. "अगं, गेलं सगळं. माझ्या हातानं तुझा समुद्र गेला."

कुंभारीण त्याच्याजवळ बसली. तिनं त्याच्या अंगरख्यावरून हात फिरवला. कमरेची पट्टी जिथल्या तिथं होती. मग त्याचाच हात धरून तिनं आपल्या चुंबळीला लावला.

"सगळं कुठं गेलं?" ती म्हणाली. "गेला तो फुटाण्यांचा पैसा. समुद्राचा पैसा आहे, घरी जायचा आहे. आज फुटाणे खाऊ नका, झालं."

कुंभार तिच्याकडे पाहत राहिला आणि रडता रडता हसला. जवळच्या एका भिंतीच्या आड जाऊन त्यानं पट्टी सोडली, लागेल तेवढंच काढलं आणि गाडी ठरवली.

दिवस कलायच्या आत गाडी वाळूपाशी थांबली. कुंभारानं तिला हात धरून खाली उतरवलं. ओल्या वाळूत पाऊल पडलं तशी ती दचकली. समोरून एक लाट आली, फुटली, आणि पांढरा फेस पसरत तिच्या पायांपर्यंत आला.

"दिसतंय का गं?" कुंभारानं भीत भीत विचारलं.

तिनं डोळे बारीक करून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "दिसतंय. पांढरं दिसतंय, निळं दिसतंय, आणि ते लांब... ते संपतच नाही ना?"

"नाही संपत."

तिनं हात जोडले. कुंभारानंही जोडले, पण त्याचं तोंड समुद्राकडे नव्हतं. तो मागं खाडीकडे वळला होता. त्या धक्क्यावरच्या कुणाचंही नाव त्यानं विचारलं नव्हतं, म्हणून नाव न घेताच त्यानं मान लववली. मग तिच्या शेजारी येऊन उभा राहिला, आणि पाणी काळं होईपर्यंत दोघं तिथून हलली नाहीत.

गोष्टीचं तात्पर्य इतकंच: प्रवासात सगळा पैसा एका जागी ठेवू नये आणि अनोळखी हाती देऊ नये, लागेल तेवढा हाताशी असावा, बाकीचा अंगाशी वाटून जपावा. वाटेत ज्यांनी सांभाळून घेतलं त्यांची आठवण मात्र न वाटता सगळीच्या सगळी मनात ठेवावी.