गैरहजराचा पेला

“नियम सगळ्यांना सारखा आहे, वस्ताद. मग माझं चुकलं कुठं?”

कोल्हापुरातली एक जुनी तालीम. पोरांचा व्यायाम आटपला होता आणि हिंदुराव वस्ताद थंडाईसाठी बदाम घोटत बसले होते. धैर्यशीलच्या प्रश्नावर त्यांनी मान वर केली नाही.

“आधी खेळ काय ते सांग. मला मैदानातला फुटबॉल कळतो. मोबाईलमधला न्हाई.”

धैर्यशीलला तेवढंच पाहिजे होतं. हा खेळ तालमीत आणला त्यानं, नियम बांधले त्यानं, आणि त्या नियमांचा तोरा काय विचारता!

“परदेशातले खरे खेळाडू, वस्ताद. आम्ही पाळीपाळीनं एकेक निवडायचा आणि आपापला संघ बांधायचा. एकानं घेतला की तो दुसऱ्याला मिळत न्हाई. तिकडं त्यानं गोल मारला किंवा अडवला की गुण इकडं आपल्याला.”

“बरं.”

“घाईगडबड न्हाई. ज्याची पाळी, त्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत सवड. तेवढ्यात निवडला न्हाई, तर मोबाईल आपसूक निवडतो. उरलेल्यांत ज्याचे गुण सगळ्यांत जास्त, तो. कुणाची वशिलेबाजी न्हाई.”

“झकास. मग अडलं कुठं?”

“दिलावर रुसलाय...”

दिलावर म्हणजे त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार. लंगोट बांधायला दोघं एकाच दिवशी शिकलेले. दिलावर आता फौंड्रीत भट्टीवर होता आणि तिथं मोबाईल आत नेऊ देत नाहीत. काल डबल शिफ्ट करून बिचारा बाहेर आला, तोवर त्याची वेळ टळून गेली होती.

“मोबाईलनं काय दिलं त्याला?”

“गोलकीपर.”

“वाईट काय मग?”

“त्याच्याकडं आधीच दोन होते.”

“आणि खेळतात किती?”

“एकच...”

वस्तादांना असं हसू फुटलं की बत्ता हातातून निसटला. धैर्यशीललाही हसू येत होतं, पण त्यानं ते दाबलं.

“त्याला कोण पाहिजे होता रे?”

“एक गोल मारणारा होता. महिनाभर त्याचंच नाव घेत होता.”

“मग तो कुणाकडं गेला?”

धैर्यशील पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला.

“त्याच्यानंतर पाळी माझी होती, वस्ताद... नियमानंच घेतला.”

“व्हय. नियमानंच.”

वस्ताद बत्ता उचलून पुन्हा घोटायला लागले. आज दिलावर तालमीत फिरकला नव्हता. धैर्यशीलला सकाळपासून करमत नव्हतं, जोर मारतानाही शेजारची मोकळी जागा सारखी खुपत होती. पण तसं बोलून दाखवायला जीभ रेटेना.

दुधात बदाम मिसळून झाले. वस्तादांनी पातेलं त्याच्यापुढं सरकवलं.

“वाट.”

त्या तालमीची रीतच होती, जो आला नाही त्याचा पेला आधी काढायचा. धैर्यशीलनं साखर घालायच्या आधीच एक पेला भरला. त्यात चिमूटभर मिरपूड टाकली, थांबला, आणखी एक चिमूट टाकली. वर ताटली झाकून पेला सावलीत ठेवला. मग पातेल्यात साखर ओतून तो बाकीच्यांना वाटायला लागला.

“त्या पेल्यात साखर न्हाई पडली?”

“दिलावरचा आहे, वस्ताद. गोड घशाखाली उतरत न्हाई त्याच्या. मिरी मात्र झणझणीत लागते.”

“तसा निरोप धाडला होता काय त्यानं?”

“निरोप कशाला पाहिजे? त्याला काय पाहिजे, ते मला ठाऊकच...”

आणि तो तिथंच थांबला.

वस्ताद आपली थंडाई घोटघोट पीत राहिले. मिशीला साय लागली होती, ती त्यांनी सावकाश पुसली.

धैर्यशीलच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. आता त्याला भडाभडा बोलावंसं वाटत होतं.

“तो खेळाडू आजच त्याला परत देतो, वस्ताद! गोलकीपर मी घेतो, बसू दे माझ्याकडं. आणि नियमही बदलतो. पाळी कुणाचीही चुकू दे, त्याला जो पाहिजे असंल, तोच त्याच्या नावावर घ्यायचा.”

“कर तसं.”

धैर्यशीलनं झाकलेला पेला उचलला आणि खुशीत दाराकडं निघाला. पण नियम करणाऱ्याचं डोकं ते, उंबऱ्यात पुन्हा अडलंच.

“पण वस्ताद... एखाद्याला काय पाहिजे, ते मला ठाऊकच नसलं तर?”

“मग त्याच्यासंगं खेळतोस कशाला?”