गोंद्या ओलांडतो

एका गावात एक भोळा तरणाबांड गडी होता. नाव गोविंद, पण गोविंद म्हणावं असं काही त्याच्या हातून कधी घडलंच नव्हतं, म्हणून सगळे गोंद्याच म्हणत. आईला सून हवी होती, गोंद्याला बायको हवी होती, आणि मुली मात्र त्याच्याशी दोन वाक्यं बोलल्या की उठून आत जात. यंदा पलीकडच्या गावच्या आबा थोपट्यांनी आपली लेक शेवंता बघायला बोलावलं होतं. हे हुकलं की दुसरं स्थळ यायचं नव्हतं.

निघताना गोंद्यानं ओसरीवर झोपलेल्या बहिणीच्या तान्ह्या पोराला ओलांडलं. आई कडाडली, "पोराला वलांडलंस व्हय रं? वाढ खुंटंल त्याची. जिकडनं गेलास तिकडनंच परत वलांड."

गोंद्यानं परत ओलांडलं आणि शहाणपण गाठीला बांधून निघाला.

गावाची वेस आली. ओलांडली. मग त्याला आईचं बोलणं आठवलं. गावाची वाढ खुंटली तर? लगेच परत ओलांडली. पण आता तो होता तिथंच होता. पुन्हा ओलांडली, पुन्हा परतला. दिवस मावळला तरी स्वारी वेशीतून आत-बाहेर करतच होती. तिकडे आबांकडचे पोहे निवून गेले. आईनं त्याला दंडाला धरून घरी आणलं आणि गोंद्याला ताप आलाय असा निरोप आबांना धाडला.

"वेस वलांडली की मागं फिरायचं न्हाई," ती म्हणाली. "इकडं न्हाई, तिकडं न्हाई, नाकासमोर चालायचं."

दुसऱ्या दिवशी वाटेत हमरस्ता लागला. गोंद्या इकडं बघेना, तिकडं बघेना, नाकासमोर चालला. एका ट्रकनं करकचून ब्रेक मारला. ड्रायव्हर खाली उतरला. त्यानं गोंद्याला बखोटीला धरून कडेला नेलं.

"दोन्हीकडं बघावं, बाबा," तो म्हणाला. "कोण येत असंल तर पाऊल टाकू नये."

गोंद्या आबांच्या उंबऱ्याशी पोचला आणि थांबला. उजवीकडे बघितलं, आतून काकू पाणी घेऊन येत होती. डावीकडे बघितलं, चुलते येत होते. पोरगं बघायला अख्खी आळी लोटली होती, त्यामुळे येणाऱ्यांचा खंड म्हणून पडेना.

"या की आत," आबा म्हणाले.

"येतो. पर कोणतरी येतंय."

चहा दोनदा गरम झाला. आतल्या दाराआड शेवंता पदर तोंडात कोंबून हसत होती. तिला हसताना बघून आबाही विरघळले. पोरगं भोळं आहे, पण पोरीला रडवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं आणि सुपारी फुटली.

"एवढं बघत बसू नगा," आबा निरोप देताना म्हणाले. "बेधडक पुढं यायचं."

लग्नाच्या सकाळी वऱ्हाड निघालं आणि मांजर आडवं गेलं. सगळे जागच्या जागी थबकले. गोंद्या बेधडक पुढं. मामानं त्याला उपरण्याला धरून मागं ओढलं.

"आडवं गेलं की आपुन पयलं जायचं नसतं, लेका. दुसऱ्याला फुडं जाऊ द्यायचं. जे काय व्हायचं ते त्याला व्हतंय. मग आपली वाट मोकळी."

हे मात्र गोंद्याला फार पटलं.

मांडव भरला. गोंद्या पाटावर उभा राहिला. शेवंताच्या मामानं तिला गोंद्याच्या पुढून पलीकडच्या पाटाकडे नेलं. गोंद्याला मांजर आठवलं. आडवी गेली. तेवढ्यात मध्ये अंतरपाट धरला गेला. भटजींचे डोळे पोथीत, वऱ्हाडाचे डोळे अक्षतांत. गोंद्या हळूच खाली उतरला आणि शेजारी उभ्या मावसभावाला, यशवंताला, त्यानं पाटावर चढवलं.

"आरं, मी कशाला?" यशवंता पुटपुटला.

"तू व्हय फुडं. मी हाय की मागनं."

मंगलाष्टकं संपली. अंतरपाट खाली आला. शेवंतानं पाटावरच्या यशवंताकडे बघितलं, मग त्याच्या मागून मुंडावळ्यांतून हसत डोकावणाऱ्या गोंद्याकडे बघितलं. थोडा विचार केला आणि हार यशवंताच्या गळ्यात घातला.

वाजंत्री वाजू लागली. गोंद्याची आई मटकन खाली बसली आणि कपाळाला हात लावून रडू लागली.

गोंद्या तिच्याजवळ बसला. त्यानं मायेनं तिचे डोळे पुसले.

"रडू नगं, आये," तो म्हणाला. "जे व्हायचं ते यशवंताला झालं. आता मला कसलं भ्या न्हाई."