पाचवी इडली

त्या प्रयोगात ताटल्या वाढणारी आणि घड्याळ पाहणारी मी होते. वहीतील ‘ताटली रिकामी’ हा शेराही माझ्याच अक्षरात आहे. हे आधीच सांगितलेले बरे.

“मग तो जातो कुठे?” मुजावर सरांनी विचारले.

“काय, सर?” अन्वयने विचारले.

“हौसाबाईंच्या जेवणातला पाचवा हिस्सा.”



डॉ. इस्माईल मुजावर मिरजेतील एका रुग्णालयात पचनाच्या विकारांवर संशोधन करीत. वय त्र्याहत्तर. अन्वय शिरगुप्पे हा तरुण गणिती दोन वर्षांपासून त्यांच्या हाताखाली होता. पोटातील अन्न किती वेगाने पुढे सरकते, हे त्याला समीकरणात मांडायचे होते. शाळेत तो माझा विद्यार्थी; मी निवृत्त झाल्यावर त्यानेच मला या प्रयोगात मदतीला बोलावले होते. गणितात पैकीच्या पैकी, नम्रतेत काठावर पास.

प्रयोग साधा होता. उपाशीपोटी आलेल्या माणसाला पाच इडल्या द्यायच्या. पिठात एक निरुपद्रवी खूण मिसळलेली असे; अन्न पचले की ती श्वासावाटे बाहेर पडे. माणसाने दर पंधरा मिनिटांनी एका पिशवीत फुंकर घालायची, आणि अन्वयने ती खूण मोजून आलेख काढायचा.

चोवीस माणसे झाली. तेविसांचे आलेख समीकरणावर मापाने शिवल्यासारखे बसले. चोविसाव्या हौसाबाई चौगुले. त्यांना दोनदा बोलावले. दोन्ही वेळा खूण बरोबर एक पंचमांश कमी भरली.

अन्वयने समीकरणात एक पद वाढवले. मग हौसाबाईही बसल्या. त्या पदाला त्याने नाव दिले: शिरगुप्पे स्थिरांक.

“त्यांच्या आतड्यात अन्न नीट शोषलं जात नाही, सर. दोन्ही वेळा तेवढीच घट आहे. इतकं नेमकं काही चुकून येत नाही.”

“खरं आहे. चुकून येत नाही.”

“म्हणजे आपल्याला मान्य?”

सरांनी पेन खाली ठेवले. टेबलावर दोन कागद त्यांच्या सहीची वाट पाहत होते. एक अन्वयचा शोधनिबंध. तो त्याच दिवशी पाठवायचा होता. दुसरा हौसाबाईंच्या घशातून दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढण्याचा आदेश.

हौसाबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. साठी उलटलेली बाई, म्हैसाळच्या बाजूची. सकाळपासून त्यांनी मला तीनदा एकच प्रश्न विचारला होता: “बाई, नळी घालत्यात तवा माणसाला बोलता येतंय का?”

“त्यांना विचारलंस?” सर म्हणाले.

“काय विचारायचं?”

“काहीही.”

“आपल्या आतड्यात काय चाललं आहे, ते माणसाला कळत नाही, सर. म्हणून तर गणित लागतं.” मग तो माझ्याकडे वळला. “बाई, तुम्ही समोर होतात. पाचही इडल्या संपल्या होत्या ना?”

“ताटली रिकामी होती,” मी म्हणाले. “चौतीस वर्षे मी परीक्षेच्या वर्गांवर पर्यवेक्षण केले आहे. माझ्या नजरेसमोर कधी एक चिठ्ठी हलली नाही.”

“ऐकलंत, सर?”

“ऐकलं.” सर उठले. “बाई, वाढा.”

“कोणाला?”

“हौसाबाईंना. आणि मला.”

“तुम्हाला कशाला, सर?” अन्वयने विचारले.

“भूक लागली आहे.”

प्रयोगाच्या खोलीत माझी शिस्त होती. खाणाऱ्याने एकट्याने बसायचे, बोलायचे नाही. समोर मी, माझ्यामागे भिंतीवर घड्याळ. सरांनी ती शिस्त पहिल्याच मिनिटाला मोडली. हौसाबाईंच्या शेजारी खुर्ची ओढून ते बसले आणि त्यांच्याकडे न पाहता पहिली इडली मोडू लागले.

हौसाबाईंचा हात ताटलीला लागेना.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग सरांकडे.

“डॉक्टर…”

“बोला.”

“कुनाला काही न काढताच बसला व्हय?”

सरांचा घास हातातच राहिला. “चुकलोच. तुम्ही काढता?”

“मग? उपाशी जिवाचं काढल्याबिगर माझ्या गळ्याखाली घास उतरत न्हाई. आमच्या आईनं लावलेलं वळण हाय.”

“त्या दिवशीही काढलंत?”

हौसाबाईंनी आवाज खाली आणला. तरीही मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

“ह्या बाई लई कडक. पर घड्याळ बगायला मान वळवत्यात की न्हाई, तवा एक घातली पदरात. फाटकापाशी ती कुत्री हाय बगा, पिलं घातलेली… तिला दिली.”

“आणि दुसऱ्या वेळी?” अन्वयचा आवाज चिरकला.

“दुसऱ्या दिशी तिला भूक नसती व्हय रं?”

…

पाचांतील एक. एक पंचमांश.

अन्वय भिंतीला टेकला. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. तो म्हणाला, “म्हणजे माझा स्थिरांक कुत्रीनं खाल्ला.”

सर हसू लागले. सरांचे पाहून हौसाबाई हसू लागल्या. त्यांनी तोंडाला लावलेला तो पदर पाहून अन्वयला हसू आवरेना. मी सर्वांच्या शेवटी हसले, पण हसले.

“तेविसांचा आलेख तसाच आहे ना?” डोळे पुसत सरांनी विचारले.

“आहे, सर.”

“मी पन्नास वर्षं पोटं तपासली. इतकी सुंदर रेषा पाहिली नव्हती.”

अन्वय सरांच्या पायांशी वाकला. त्यापूर्वी त्याला कोणापुढे वाकलेले मी पाहिले नव्हते.

“मग माझी नळी?” हौसाबाईंनी विचारले.

सरांनी आदेशाचा कागद आणवला, त्याची चौपदरी घडी केली आणि तिच्यावर चहाचा कप ठेवला. त्यानंतर हौसाबाई दुपारपर्यंत बोलत होत्या.

तिथेच पुढचे ठरले. दुर्बिणीची तपासणी रद्द; यावर कोणाचेच दुमत नव्हते. वहीतील शेरा मी दुरुस्त केला: ‘ताटली रिकामी, एक इडली पदरात.’ अन्वयने त्याखाली सही केली आणि समीकरणातील आपल्या नावाचे पद स्वतःच्या हाताने खोडले. मग त्याने नवा नियम लिहून वाचून दाखवला: ‘वाढलेला प्रत्येक पदार्थ व्यक्तीने स्वतःच खावा.’ वाक्यरचना निर्दोष होती. मी संमती दिली.

हौसाबाईंनी दिली नाही.

“मग मी न्हाई येत,” त्या म्हणाल्या.

“त्यांना सहा वाढा,” सर म्हणाले. “पाच खुणेच्या, एक साधी.”

हौसाबाईंनी क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. अन्वयनेही डोलावली. मी वहीत सहा हा आकडा अक्षरी लिहिला.

दाराशी पोचल्यावर अन्वय थांबला. “सर, सहावी इडली कुठे जाते, ते निबंधात लिहू?”

“अवश्य लिही,” सर म्हणाले. “तेवढंच आपल्याला नक्की ठाऊक आहे.”