मथूचा टाका

फार वर्षांपूर्वी, होड्या नुसत्या शिडावर चालत होत्या तेव्हा, मुरवणे गावात मथू नावाची एक विधवा राहत होती. नवरा समुद्रात गेला होता. घरात तिची पोरं होती, आणि दीर सोमा तांडेल.

त्या वर्षी मासळी लागलीच नाही. जाळी रिकामी येत. लोक कंद उकडून खात. अशात एका सकाळी ओहोटीला देवमाशाचं पिल्लू वाळूवर अडकलं. पिल्लू कसलं, होडीएवढं होतं ते. असं म्हणतात की बाहेर खोल पाण्यात त्याची आई हंबरत होती आणि त्या आवाजाने घरातली भांडी थरथरत होती.

सगळा गाव सुऱ्या, कोयते घेऊन धावला. मथू आधीच तिथे उभी होती.

"वयनी, बाजूक हो," सोमा म्हणाला. "पोरां उपाशी आसत."

"माझी पण आसत," मथू म्हणाली. "काप तू. पण जित्याक सुरी लावची नाय. मरान्दे, मगे काप."

हे सगळ्यांना पटलं. माणसं सुऱ्या खाली ठेवून बसली.

मग मथूने कळशी भरून आणली आणि पिल्लाच्या अंगावर ओतली. डोक्यावरच्या नाकपुडीत थेंब जाऊ नये म्हणून तिने तिथे हात आडवा धरला. जुनं लुगडं भिजवून त्याच्या पाठीवर पसरलं. पुन्हा पाण्याकडे गेली. ऊन चढलं तरी ती थांबेना.

"तू तेका मराक देणस नाय," सोमा चिडून म्हणाला.

"पाणी घालू नको, असा तू खंय बोललंस?"

सोमा परत जाऊन वाळूवर बसला. दुपारी एक म्हातारी आपली कळशी घेऊन आली. मग तिची सून आली. हळूहळू बायकांची रांग लागली. शेवटी सोमा उठला. सुरी तशीच खाली सोडून तो हातांनी पिल्लाच्या पोटाखालची वाळू उकरू लागला.

असं म्हणतात की त्या दिवशी भरती वेळेआधी आली. पिल्लू हललं, वळलं आणि गेलं. गाव उपाशीच झोपला. मासळी त्यानंतरही बरेच दिवस आली नाही, आणि तेवढ्यात मथूचं धाकटं पोर गेलं. गावातल्या काहींनी तिला बोल लावला.

पुढे एकदा सोमाची होडी वादळात भरकटली. शीड फाटलं होतं, वल्हं मोडलं होतं, तरी होडी सरळ खाडीत आली. खालून कुणीतरी ढकलत आणली, असं म्हणतात. त्याच संध्याकाळी सोमा मथूच्या दारात गेला आणि तिच्या पाया पडला.

आजही मुरवण्यात कासव किंवा गाद्याचं, म्हणजे डॉल्फिनचं, पिल्लू जाळ्यात अडकलं, की जाळं कापतात. जाळं कुणाचं आहे ते विचारत नाहीत. मग घरटी एक माणूस येतो आणि ते फाटलेलं जाळं सगळे मिळून विणतात. त्या विणीला मथूचा टाका म्हणतात. तो नाही असं जाळं गावात सापडायचं नाही.