पूजेत बसलेली शस्त्रे

पूर्वी चंपकपुरीत सुयाम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व वैद्यकुळात जन्मला आणि मोठेपणी राजाच्या शल्यशाळेत शल्यवैद्य झाला. शाळा देखणी होती. चंदनाच्या पाटावर शस्त्रे मांडलेली, त्यांना रोज हळदकुंकू, फुले आणि धूप. शाळेचा अधिकारी सोमिल पूजेत तसूभरही कसूर करीत नसे. फक्त रोगी तेवढा येत नसे.

येणार कुठून? गोरगरीब सगळे नदीपलीकडे राहत. आजारी माणूस वाटेत मेला तर होडी विटाळेल, म्हणून नावाडी त्याला घेत नसत. आणि शस्त्रांनी नदी ओलांडली की त्यांचे तेज जाते, हे सोमिलचे ठाम मत. म्हणजे रोग्याने इकडे यायचे नाही आणि शस्त्राने तिकडे जायचे नाही! या अकलेपुढे बोधिसत्त्व वर्षानुवर्षे डोके आपटून थकला होता.

एके सकाळी चित्ता नावाची बुरूडीण ओलेत्याने शाळेच्या दारात आली. ती नदी पोहून आली होती. तिच्या नवऱ्याच्या मांडीत बांबूची कामटी मोडून राहिली होती. पाय टम्म सुजला होता आणि तो तापात बरळत होता.

"नावाडी काय म्हणाला?" बोधिसत्त्वाने विचारले.

"म्हणाला, बरा झाला की आण, मग नेतो."

बोधिसत्त्वाने कपाळाला हात लावला आणि तो तडक पाटाकडे गेला. सोमिल आडवा आला.

"वैद्यराज, आज अष्टमी, आज शस्त्र उचलायचं नाही. महाराज शिकारीहून येऊ देत, मग विचारू."

"सोमिला, वर्षभरात या शस्त्राने काय कापलं, सांग बरं."

"नवमीला कोहळा कापला की!" सोमिल अभिमानाने म्हणाला.

बोधिसत्त्वाला संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. आपण ज्याला सहनशीलता म्हणत आलो, तिची झळ पलीकडच्या लोकांनी सोसली होती. त्याने शस्त्रांवरचे कुंकू खसाखसा धुतले.

"नदी ओलांडलीत तर या शाळेत पुन्हा पाऊल ठेवता येणार नाही," सोमिल ओरडला.

"बरं," म्हणून बोधिसत्त्वाने शस्त्रे डोक्याला बांधली आणि चित्तेमागून पाण्यात उडी घेतली.

त्याने मांडी चिरली, पू काढला, कामटी उपसली. संध्याकाळी बुरुडाने डोळे उघडून पेज मागितली. हात धुवायला बोधिसत्त्व अंगणात आला, तर अंगण माणसांनी भरले होते. कुणाच्या गळ्याला गाठ, कुणाचे हाड वाकडे जुळलेले, कुणाच्या कडेवर फाटक्या ओठाचे मूल. बोधिसत्त्व परत गेला नाही.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, विहाराची औषधे फक्त उपोसथाच्या व्रतदिवशी काढणारा आपला भिक्षू तेव्हा सोमिल होता. परवा औषधासाठी दाराशी ताटकळलेला आजारी वाटसरू तो बुरूड, आणि त्याला पाठीवर आणणारी त्याची बहीण ती चित्ता. वैद्य मीच होतो. त्या जन्मात मी वीर्यपारमिता, म्हणजे प्रयत्नांची पराकाष्ठा, पुरी केली. क्षांती, म्हणजे सहनशीलता, स्वतःच्या दुःखात धरावी. दुसऱ्याच्या दुःखात मी ती फार दिवस धरली, आणि तेवढ्या काळात किती जण गेले हे मला आजही ठाऊक नाही."