दमवलेलं शिंगरू

फार मागे, डोंगरापल्याडच्या एका राज्यात एक चाबुकस्वार राहायचा. चाबुकस्वार म्हणजे कोवळ्या घोड्यांना खोगीर-लगामाची सवय लावणारा माणूस. नावात चाबूक, पण ह्याच्या हातात तो कुणी कधी पाहिला नव्हता.

त्या राज्याची एक रीत होती, बरं का. नवा घोडा राजाला देण्याआधी चाबुकस्वाराने सगळ्यांदेखत आपलं पोटचं लेकरू त्यावर बसवायचं. मगच राजा रिकिबीत पाय घालणार.

एका वर्षी एक काळंभोर शिंगरू राजाच्या मनात भरलं. "दसऱ्याला मी ह्याच्यावरच बसणार," राजा म्हणाला.

अजून त्याच्या पाठीवर घोंगडीसुद्धा ठरत नव्हती. पण राजापुढे चाबुकस्वाराची जीभ उचलली नाही. "जी महाराज," एवढंच तो बोलला.

झालं. दसरा जवळ येऊ लागला. खोगीर दिसलं की शिंगरू कान मागे टाकी, पोटाचा पट्टा आवळायला गेलं की उसळी घेई. चाबुकस्वाराला घास गिळवेना. शेवटी जन्मात केलं नव्हतं ते त्याने केलं. शिंगराला नदीच्या वाळूत नेऊन पळव पळव पळवलं. तोंडाला फेस आला, पाय लटपटले, तेव्हा खोगीर चढवलं. शिंगरू हललं नाही. मग रोज तेच.

"अगदी गाय झालीय गाय!" पागेतली माणसं म्हणाली.

एक म्हातारी घोडी मात्र चारा चघळता चघळता म्हणाली, "शिकवलंस, की दमवलंस?"

"दसऱ्यापुरतं निभावू दे, आजी."

"आणि दम परत आला म्हणजे?"

तो खोगीर उचलून नदीकडे निघाला.

दसऱ्याला शिंगरू वाळूतून दमवूनच आणलं. पण राजाची पूजा लांबली. उभ्या उभ्या शिंगराचा दम परत आला, नाकपुड्या फुलल्या. ताशे कडाडले तशी कातडी थरथरली.

चाबुकस्वाराची लेक नटून आली. "बाबा, हात केवढा गार तुमचा!"

"काही नाही गं."

तिने रिकिबीत पाय घातला. खोगिराखाली पाठ ताठ होत होती, ती त्याच्या हाताला कळली. त्याने लेकीला कमरेला धरून खाली ओढलं.

"महाराज, हे शिकलेलं नाही. मी नुसतं दमवलंय."

"आणि मला बसवणार होतास?" राजाने विचारलं.

"होतो, महाराज."

राजा म्हाताऱ्या घोडीवर बसून निघून गेला. चाबुकस्वाराच्या वाट्याला पागेतली लीद काढणं आलं. शिंगरू तेवढं त्याच्याकडे राहिलं.

त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. खोगीर हुंगू दिलं. पट्टा जरासा आवळला, सोडला. कधी नुसता मानेवर हात ठेवून माघारी आला.

"काय रे, आज शिंगराने तुला काय शिकवलं?" माणसं चिडवायची.

"उभं राहायला," तो म्हणायचा.

उन्हाळ्यात त्याने राजादेखत लेकीला शिंगरावर बसवलं. फेरी छान चालली होती. इतक्यात झुडपातून मोर फडफडत उठला. शिंगरू बिचकलं. लेक पडली, पण तिचा पाय रिकिबीत अडकून राहिला!

आता ते उधळलं असतं, तर पोर फरफटत गेली असती. चाबुकस्वाराला धावताही येईना. धावलं तर ते आणखी भ्यायचं. "हो, माझ्या राजा, हो," म्हणत तो पाऊल पाऊल पुढे गेला.

शिंगरू पानासारखं कापत होतं. पण जागचं हललं नाही.

त्याने पाय सोडवला आणि लेकीला उराशी धरून रडू लागला.

"रडताय काय? मला लागलं नाहीये!" लेक म्हणाली.

राजा आसनावरून खाली उतरला. शिंगराच्या मानेवर हात ठेवून म्हणाला, "दसऱ्याला घाई कुणी केली होती रे?"

"दोघांनी, महाराज."

राजाने मान खाली घातली. त्या दिवसापासून घोडा कधी तयार झाला हे चाबुकस्वाराने सांगायचं आणि राजाने ऐकायचं, असं ठरलं.

म्हणून सांगतो, दमवलेला जीव नुसता गप्प बसतो. ज्याचा विश्वास कमावला, तोच भीतीच्या वेळी आपल्यासाठी उभा राहतो.